टेमगिरे बाईंचा पट

टेमगिरे बाईंना लग्नपत्रिका द्यायला आमच्या शाळेच्या वस्तीतले लोक कचरत असत. पत्रिका हातात आली की बाई कपाळावरचा चष्मा नाकावर आणत आणि देणाऱ्याला "बसा" म्हणत. ते चहासाठी नसे, पत्रिका वाचून होईपर्यंत असे. मग खांद्याच्या पिशवीतून लाल पेन निघे. 'आशिर्वाद'भोवती एक गोल, 'सहकुटूंब'भोवती दुसरा, आणि नवरीच्या नावातच चूक असली तर गोलाखाली दोन रेघा. तपासून झालं की पत्रिका परत. "हे छापणाऱ्याला दाखवा. लग्नाला मी येते."

एकदा फाट्यावर गावच्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. त्यावर हातभर उंचीच्या अक्षरांत 'हार्दीक शुभेच्छा' असं होतं. बाईंनी येता-जाता तो दोन दिवस सहन केला. तिसऱ्या दिवशी शाळेतला ऑइलपेंटचा उरलेला डबा आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींचं स्टूल घेऊन त्या फाट्यावर गेल्या आणि वर चढून ती वेलांटी ऱ्हस्व करून आल्या. दुपारी ते पुढारी स्वतः शाळेत आले. मागं दोघं कार्यकर्ते.

"बाई, वाढदिवस माझा व्हता," ते म्हणाले. "एक वेलांटी चालली असती."

"पहिली ते चौथी तुम्ही माझ्याकडंच होता ना?"

"व्हय."

"मग? खाली तुमचा फोटो, वर चूक. लोक म्हणतील, याला शिकवलं कुणी."

त्यांनी मागच्या दोघांकडं पाहिलं. ते दोघंही बाईंचेच विद्यार्थी होते. ते जमिनीकडं पाहत होते. पुढच्या वर्षापासून फ्लेक्सचा मजकूर छापायच्या आधी बाईंकडं यायला लागला. पहिल्याच खेपेला बाईंनी 'भावी आमदार'मधला 'भावी' हा शब्द खोडला. "शब्द शुद्ध हाय," त्या म्हणाल्या, "पण जे झालं न्हाई ते छापायचं न्हाई." मग नुसतं 'आमदार' उरलं. तेही छापता येईना, म्हणून त्यांनी तोही खोडला.

मी त्या शाळेत लागले तेव्हा माझी पहिलीच नोकरी होती. मी दौंडची. शिक्रापूरहून पाबळकडं जाताना आत वळलं की ही शाळा लागते. दोन खोल्या, चार वर्ग, दोन शिक्षक. बाई मुख्याध्यापक, आणि पहिली-दुसरीही त्यांच्याकडंच. त्यांचं घर दौंड तालुक्यातल्या राहूला, पण नोकरीपायी आठवडाभर शिक्रापुरात खोली घेऊन राहायच्या आणि शनिवारी दुपारी घरी जायच्या. बुटक्या, रुंद, नायलॉनची साडी, खांद्याला तीन पिना आणि पायात मुलाचे जुने स्पोर्ट्स शूज. मला मुलांसमोर त्या 'मॅडम' म्हणत आणि मुलं नसली की 'पोरी'.

पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, "बाई, तुम्ही शुद्धलेखनाचं एवढं बघता, आणि बोलता मात्र हाय, न्हाई, व्हय."

"बोलताना हाय, लिहिताना आहे," त्या म्हणाल्या. "बोलणं घरचं असतं. लिहिणं परक्यानं वाचायचं असतं." हा नियम त्यांनी पहिलीच्या पोरांनाही इतका पक्का शिकवला होता की एखादं पोरगं उभं राहून विचारी, "बाई, हे बोलायचं का लिहायचं?"

बाईंचा राग मात्र वाईट होता. आवाज चढला की खिडकीतली चिमणी उडायची. खडू फेकून मारायची त्यांना सवय होती आणि नेम मुळीच नव्हता. पोरं हलायची नाहीत, कारण हललं तर लागायची शक्यता जास्त. एक खडू दारातून येणाऱ्या माझ्या कपाळावर बसला होता. बाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही मधी का आलात?" आणि मी सॉरी म्हणाले.

गैरहजर पोरांवर त्यांनी एक उपाय काढला होता. शाळेशेजारी मारुतीचं देऊळ. देवळात स्पीकर. साडेदहाला हजेरी झाली की बाई देवळात जात आणि माईक हातात घेत. "वरच्या वस्तीच्या शाळेतून बोलतेय. आज गैरहजर. गणेश, दुसरी. कारण, वडलांनी शेळ्यांमागं पाठवला. आरती, पहिली. कारण, आईला बाजारात जायचंय म्हणून लहान भावाला धरून बसलीय." हे सगळं शेतात, विहिरीवर, फाट्यावरच्या टपरीपर्यंत ऐकू जाई. अकराच्या आत बहुतेक पोरं येत.

एके दिवशी गणेशचे वडील धापा टाकत आले. हे मेंढरं राखणाऱ्या घरातले, आता दोन एकर बागायत करणारे.

"बाई, आज नाव घेऊ नका. घरी पाहुणं आल्यात. भावाची सोयरीक बघायला."

"मग गणेशला पाठवा."

"तोच शेळ्या घिऊन गेलाय."

"तुम्ही जा शेळ्यांमागं."

"पाहुण्यांसमोर कोण बसंल?"

बाईंनी विचार केला. "दहा मिनिटं थांबते मी. मग कारण काय सांगू, ते तुम्हीच ठरवा." सातव्या मिनिटाला गणेश वर्गात होता. शेळ्या शाळेच्या कुंपणाला बांधलेल्या होत्या आणि दिवसभर त्यांनी आमची बाग खाल्ली. बाईंनी त्यांना हाकललं नाही. पोरांचा पट आणि झाड यांत मोठं काय, याबद्दल त्यांचं मत ठाम होतं.

कारण पट हीच आमची खरी काळजी होती. रोज सकाळी फाट्यावर एक पिवळी बस येई आणि वस्तीतली टाय लावलेली पोरं घेऊन इंग्रजी शाळेत जाई. दर जूनला आमची दोन-तीन पोरं त्या बसमध्ये चढत. मी लागल्यावर तिसऱ्या वर्षी अशी वेळ आली की पट आणखी चार-पाचनं घसरला तर एक शिक्षक जादा ठरणार होता. जादा म्हणजे मी. लांबच्या तालुक्यात बदली. माझं लग्न नुकतंच झालेलं होतं आणि नवरा शिक्रापूरच्या एका कंपनीत होता. मी ते बाईंना सांगितलं नाही. त्यांना ते दिसत होतं.

त्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर एका रविवारी सकाळी बाईंचा फोन आला. "पोरी, तयार हो. आपल्याला कामगारांच्या खोल्यांकडं जायचंय."

शाळेपासून चालत पंधरा मिनिटांवर, हायवेकडं, एका शेतकऱ्यानं ऊस मोडून पत्र्याच्या तीस-चाळीस खोल्या बांधल्या होत्या. त्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडचे कामगार राहत. त्यांची पोरं दिवसभर त्या बोळात खेळत. शाळेत कुणी जात नव्हतं. बाईंचं म्हणणं होतं, पोरं इथं आहेत, शाळा तिथं आहे, मधे फक्त भाषा आहे.

मी हिंदीत बोलते असं मी म्हटलं. "मुख्याध्यापक कोण हाय?" त्यांनी विचारलं आणि पहिल्या खोलीचं दार वाजवलं.

एका बाईनं दार उघडलं. कडेवर एक पोर, मागं दोन.

"हम बच्चे लेने आये हैं," टेमगिरे बाई म्हणाल्या. "कितने हैं तुम्हारे पास?"

दार बंद झालं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

"लाजाळू हाय," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या दारापाशी गेल्या. "पाच बरस के ऊपर का बच्चा हमको दे दो. शाम को वापस देगा."

पाचव्या दारापर्यंत बोळाच्या दोन्ही टोकांना माणसं जमली होती. रात्रपाळी करून झोपलेले गडी बनियनवर बाहेर आले होते. आयांनी पोरं आत ओढून घेतली होती. एकजण मोबाइल धरून आमचं चित्रीकरण करत होता. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा तेव्हा जोरात होत्या. मला येत असलेलं सगळं हिंदी त्या क्षणी गेलं.

एक उंच माणूस पुढं आला. "कौन हो तुम लोग? बच्चे किसलिए चाहिए?"

"शिकाने को," बाई म्हणाल्या. पण त्यांच्या उच्चारात ते 'बिकाने को' ऐकू आलं की काय कोण जाणे. गर्दी एक पाऊल पुढं सरकली.

बाईंच्या लक्षात तेव्हा आलं. मी त्यांना घाबरलेलं तेवढं एकदाच पाहिलं. मान लाल झाली होती. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, एका दारातली पालथी बादली ओढली आणि तिच्यावर बसल्या. पिशवीतून खडू काढला.

"तुम्हारा नाम क्या?" त्यांनी त्या उंच माणसाला विचारलं.

"क्यों?"

"नाम बोलो."

"रामप्रवेश."

बाईंनी वाकून बोळाच्या सिमेंटवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, रामप्रवेश. त्याच त्या पाठ्यपुस्तकासारख्या गोल अक्षरांत. "पढो."

त्यानं वाचलं. "ये तो हिंदी है."

"ये मराठी है," बाई म्हणाल्या. "अक्षर दोनों का एकच है. तुम्हारे बच्चे को आधा मराठी पहले से आता है. बाकी आधा हम शिकायेगा. ये मॅडम हैं. हम हेडमास्टर हैं. मारुती मंदिर के बगल का शाळा."

मग चित्रीकरण करणाऱ्यानं मोबाइल खाली केला आणि म्हणाला, "मेरा भी लिखिए." बाईंनी लिहिलं. मग दुसऱ्यानं सांगितलं. पंधरा मिनिटांत तो बोळ नावांनी भरला. ओडिशाच्या एका माणसाला अक्षर वाचता येईना, त्याला रामप्रवेश वाचून दाखवू लागला. पोरं आयांच्या हातून सुटून नावांवरून उड्या मारू लागली आणि बाई ओरडू लागल्या, "पाय मत दो, विद्या है."

ज्या बाईनं पहिलं दार लावलं होतं तिनं ते पुन्हा उघडलं होतं. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "मैडमजी, खाना मिलेगा?"

"मिलेगा. खिचडी. रोज."

"और मारते हैं?"

मला वाटलं, आता नाही म्हणतील. बाईंनी खडू दोन बोटांत फिरवला. "कभी कभी," त्या म्हणाल्या. "लगता नहीं."

बोळात हसू फुटलं. ती बाई मात्र हसली नाही. तिनं बाईंकडं नीट पाहिलं आणि मागं लपलेल्या मुलीला पुढं केलं. "ये रोशनी है. ये बोलती नहीं."

सोमवारी अकरा पोरं आली.

त्यानंतरचे महिने गमतीचे वाटतात ते आता. तेव्हा आम्ही दोघी रडकुंडीला आलो होतो. अकरा पोरं, तीन भाषा, कुणी आठ वर्षांचं पण पेन्सिल धरायचीच माहीत नाही, कुणाला वर्गात बसायची सवय नाही. त्यातच ऑनलाइन माहिती भरायची, मतदार याद्या घेऊन घरोघर फिरायचं, आणि मोबाइलला रेंज फक्त मारुतीच्या पाराजवळ. पहिल्या महिन्यात बाईंचं हिंदी सुधारलं नाही, पण वस्तीतल्या पोरांचं मराठी बिघडलं. गणेश शेळ्यांना 'चलो रे, उधर मत जाव' म्हणू लागला, अशी त्याच्या वडलांची तक्रार आली.

रोशनी बोलत नव्हती. मुकी नव्हती, घरी बोलायची. शाळेत आली की ओठ मिटायचे. बाईंनी आधी तिच्यावर आवाज चढवून पाहिला. ती नुसती पाहत राहायची. मग बाईंनी तिला फळ्याचं काम दिलं. रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात तारीख, वार, पट आणि उपस्थिती लिहायची. सुरुवातीला बाई हात धरून लिहून घेत, मग रोशनी एकटी लिहू लागली. महिने गेले. अक्षर बाईंच्यासारखंच गोल आलं, तोंडातून शब्द मात्र नाही.

डिसेंबरात तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. एवढी पोरं एकदम कुठून वाढली, नावापुरती तर लिहिली नाहीत ना, हे बघायला. पोरं खरी आहेत आणि शिकताहेत असं त्यांनी लिहिलं तर माझी जागा राहणार, नाहीतर नाही. आदल्या दिवशी बाईंनी मला बजावलं, "उद्या मी एक शब्द बोलणार न्हाई. माझं तोंड वाईट हाय."

साहेब सावकाश, नेमस्त माणूस होते. त्यांनी डोकी मोजली. वह्या पाहिल्या. रामप्रवेशच्या मुलानं धडा वाचला, अडखळत पण वाचला. मग साहेब खुर्चीत बसले, शेरेबुक मागितलं आणि लिहू लागले. बाई त्यांच्या उजव्या खांद्यामागं उभ्या होत्या. साहेब लिहीत असतानाच बाईंचा चेहरा बदलला. त्यांचा हात पिशवीत गेला. मी डोळे मोठे केले. हात बाहेर आला, रिकामा. दोन्ही हात त्यांनी पाठीमागं एकमेकांत घट्ट धरले.

साहेबांनी लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांची उपस्थीती समाधानकारक.'

रोशनी फळ्यापाशी डस्टर घेऊन उभी होती. ती टेबलाजवळ आली, टाचा उंचावून वहीत पाहिलं, मग फळ्याकडं पाहिलं, पुन्हा वहीत पाहिलं. आणि वर्गात पहिल्यांदा तिचा आवाज ऐकू आला. बारीक, जरा बसका.

"साहेब, थि ऱ्हस्व."

साहेबांनी वर पाहिलं. "काय?"

तिनं फळ्याच्या कोपऱ्यातल्या शब्दावर बोट ठेवलं. "उपस्थिती. थि ऱ्हस्व, ती दीर्घ."

साहेबांनी फळा पाहिला, वही पाहिली. मग बाईंकडं पाहून विचारलं, "ही कुठली?"

"बिहारची, साहेब," मीच म्हणाले. बाईंचे हात अजून पाठीमागंच होते.

साहेबांनी चूक खोडली, वर नीट लिहिलं आणि शेजारी आद्याक्षरं घातली, जशी सरकारी कागदावर घालतात. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली. 'पट खरा आहे.' जाताना पायरीवर थांबून बाईंना म्हणाले, "तुम्ही मागं उभ्या होता. तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं साहेब," बाई म्हणाल्या. "पण या पोरीची नोकरी होती मधी." आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

साहेब गेल्यावर बाई रोशनीला जवळ घेतील असं मला वाटलं. त्या तशा नव्हत्या. त्यांनी तिच्या हातातलं डस्टर घेतलं, फळ्यावरची एक धूळभरली रेघ पुसली आणि म्हणाल्या, "एवढे दिवस कुठं ठेवलं होतं गं हे?" मग खिचडीच्या खोलीत जाऊन बराच वेळ मावशींशी उगीच भांडल्या.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर रोशनी आली नाही. वडलांनी कंपनी बदलली होती, खोली रिकामी होती, शेजारच्यांना गाव माहीत नव्हतं. असं सारखंच होई, पोरं हंगामासारखी येत आणि जात. पण बाई महिनाभर हजेरीत तिचं नाव वाचत राहिल्या आणि स्वतःच "गैरहजर" म्हणत. स्पीकरवर मात्र कधी सांगितलं नाही. कारण काय सांगायचं, ते त्यांना माहीत नव्हतं. त्या दिवसांत त्यांनी खडू फेकला नाही.

जानेवारीत फोन आला. गुजरातमधल्या कुठल्याशा शाळेतून. रोशनी कुमारीचा दाखला हवा होता. बाई पारावर उभ्या राहून बोलत होत्या आणि अख्ख्या वस्तीला ऐकू जात होतं, स्पीकरशिवाय.

"हां, भेजते हैं. आज ही भेजते हैं. लडकी हुशार है. क्या? नहीं, बोलती है, बोलती है. तुम को टाइम लगेगा. उसको फळा लिखने को दो."

फोन ठेवून त्या वळल्या. "दाखला मागितला म्हंजी शाळेत बसलीय," त्या मला म्हणाल्या, आणि खेळाचा तास नसतानाही मुलांना अर्धा तास खेळायला सोडलं.

बाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात पाहुण्यांनी बरंच काही म्हटलं. बाईंची पाळी आली तेव्हा त्या उठल्या, म्हणाल्या, "माझं सगळं बोलून झालंय," आणि बसल्या. मग राहूला गेल्या.

गेल्या मार्चमध्ये मी माहेरी दौंडला गेले होते, येताना वाट वाकडी करून राहूला गेले. घराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, शाळेच्या मैदानावर बघा.

मैदानात बाई स्कूटीवर बसल्या होत्या. डोक्यात हेल्मेट, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. शेजारी त्यांची सून उभी होती आणि शिकवत होती.

"आई, आधी आरशात बघा. कितीदा सांगायचं?"

"बघितलं."

"न्हाई बघितलं. मी बघत होते तुमच्याकडं."

बाईंनी मला पाहिलं, पण सुनेच्या भीतीनं हात केला नाही. मी लिंबाखाली थांबले. दोन फेऱ्या झाल्यावर सून पाणी प्यायला गेली तशा त्या हेल्मेटसकट माझ्याकडं आल्या. साठीच्या बाईंच्या कोपराला खरचटलं होतं.

"पोरी, एक सांगते तुला," त्या हळूच म्हणाल्या. "ती ओरडली ना, की मला ब्रेक कुठला तेच आठवत न्हाई. येत असतंय, पण आठवत न्हाई." त्या मैदानाकडं पाहत होत्या. "पस्तीस वर्षं मी ओरडले. त्या पोरांना येत असणार गं."

मी त्यांच्या खरचटलेल्या कोपराकडं पाहिलं.

"तू ओरडतीस का?" त्यांनी विचारलं.

"कधी कधी," मी म्हणाले.

"नको ओरडूस."

"आई," सुनेनं हाक मारली. बाई लगेच वळल्या, जवळजवळ पळत गेल्या आणि गाडीवर बसल्या. या वेळी आरशात बघितलं, आधी डाव्या, मग उजव्या. गाडी सुरू झाली. पाय दोन्हीकडं पसरलेले, पदर कमरेला खोचलेला. मैदानाच्या कडेला वळायचं होतं तिथं त्या वळल्या नाहीत. फाटकातून सरळ बाहेर पडल्या आणि उसाच्या रस्त्याला लागल्या. सून मागं पळत म्हणत होती, "ब्रेक, आई, ब्रेक." मग मधेच थांबली. बहुधा आवाज चढल्याचं तिच्या लक्षात आलं असावं. तिनं तोंडावर हात ठेवला.

रस्ता सरळ होता आणि रिकामा. बाई हळूहळू लहान होत गेल्या. पाय एकेक करून वर घेतले, आधी डावा, मग उजवा, आणि गाडी डुलायची थांबली.